नाव लपवण्याचा हक्क नेमका कुणाचा?

1956 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचे ॲटर्नी जनरल जॉन पॅटरसन यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेवर दावा लावला. राज्यातल्या आपल्या सगळ्या सभासदांची नावे आणि पत्ते संघटनेने हजर करावेत, असा आदेश त्यांनी कोर्टाकडून मिळवला. अलाबामातल्याच माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार तेव्हा चालू होता. अशा यादीत नाव येणे म्हणजे काय, हे तिथल्या कृष्णवर्णीय शिक्षिकेला, मोलकरणीला, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरी जाणार, कर्ज देणारा दारात उभा राहणार, रात्री घरावर बाँबही पडू शकतो. संघटनेने यादी दिली नाही. कोर्टाच्या अवमानाबद्दल तिला एक लाख डॉलरचा दंड झाला. 30 जून 1958 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की माणसांना संघटित होण्याचे स्वातंत्र्य असेल, तर जिवावर बेतण्याच्या परिस्थितीत त्यांची नावे गुप्त राहण्यालाही संरक्षण हवे.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. आणि तोच आज अमेरिकी राजकारणातल्या निनावी पैशाची सर्वांत भक्कम ढाल झाला आहे, हे पाहून मी अस्वस्थ होतो. 2021 साली कोक या अब्जाधीश उद्योगपती कुटुंबाशी निगडित ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी फाउंडेशन’ने कॅलिफोर्निया राज्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात 6 विरुद्ध 3 मतांनी जिंकला. धर्मादाय संस्थांनी आपल्या मोठ्या देणगीदारांची नावे सरकारी कार्यालयाला कळवावीत, एवढीच कॅलिफोर्नियाची अट होती. ती रद्द करणाऱ्या निकालाने आधार घेतला तो अलाबामाच्या खटल्याचा. मोलकरणीचा जीव वाचवण्यासाठी उभारलेल्या भिंतीआड आता अब्जाधीशही सुखरूप उभे राहू शकतात.

राजकारणातल्या निनावी पैशावर माहितीपट काढायचा झाला, तर त्यात कोणकोणती माणसे दिसावीत, कुणाचा आवाज ऐकू यावा, हा प्रश्न अनेकांना दुय्यम वाटतो. विषय पैशाचा आहे, कायद्याचा आहे, तिथे वंश, जात, लिंग कशाला, असे विचारले जाते. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. निनावी पैशाचे समर्थक जो सर्वांत ताकदवान युक्तिवाद करतात, तो दुबळ्यांच्या इतिहासातून उचललेला आहे. त्याला खरे उत्तर ज्यांचा तो इतिहास आहे तेच देऊ शकतात. ते पडद्यावर नसतील तर युक्तिवादाची एक अख्खी बाजू रिकामी राहते, आणि समोरचा त्याच बाजूने आत शिरतो.

या विषयावरचा सर्वांत नावाजलेला माहितीपट म्हणजे किम्बर्ली रीड यांचा, 2018 च्या सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेलेला ‘डार्क मनी’. तो सगळा घडतो मोंटाना या राज्यात. ही निवडच मोठी हुशारीची होती, कारण पैशाने राजकारण विकत घेणे म्हणजे काय, हे मोंटानाने शंभर वर्षांपूर्वीच अंगावर झेललेले आहे. त्या काळी सिनेटर निवडून द्यायचे काम राज्याच्या आमदारांकडे असे. 1899 मध्ये तांब्याच्या खाणींचा मालक विल्यम क्लार्क याने आमदारांना पैसे चारून सिनेटची जागा मिळवली, आणि बोभाटा झाल्यावर पुढच्या वर्षी त्याला ती सोडावी लागली. या सगळ्याला विटलेल्या मतदारांनी 1912 मध्ये थेट कौल घेऊन कंपन्यांच्या पैशाला निवडणुकीत बंदी घातली. ती बंदी जवळपास एक शतक टिकली. 21 जानेवारी 2010 रोजी ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी कंपन्यांना आणि संघटनांना निवडणूक प्रचारावर स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मुभा दिली. मोंटानाने आपला कायदा टिकवण्यासाठी झुंज दिली. जून 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधी तोंडी सुनावणीही न घेता तो निकालात काढला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती वारंवार विसरली जाते. ‘सिटिझन्स युनायटेड’च्या त्याच निकालात 8 विरुद्ध 1 मतांनी न्यायालयाने असेही म्हटले होते की पैसा कुणाचा हे जाहीर करण्याची सक्ती घटनेला धरून आहे. म्हणजे निनावीपणा त्या निकालाने दिलेला नाही. तो आला करकायद्याच्या फटीतून. कलम 501 सी 4 खाली ‘समाजकल्याण’ संस्था म्हणून नोंदवलेल्या संघटनांना आपले देणगीदार लोकांसमोर जाहीर करावे लागत नाहीत. निवडणुकीतला खर्च दिसतो, खर्च करणाऱ्या संस्थेचे गोंडस नावही दिसते, पण तिच्यामागचा माणूस दिसत नाही.

मोंटानात अशा संस्थेने काय केले, ते रीड यांनी चिकाटीने टिपले आहे. प्राथमिक निवडणुकीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, अगदी शेवटच्या दिवसांत मतदारांच्या घरी रंगीत पत्रके येऊन पडत. उमेदवाराविषयी धडधडीत विपर्यास, आणि खाली कधी न ऐकलेल्या संघटनेचे नाव. उत्तर द्यायला वेळच उरत नसे. गाजलेल्या प्रकरणांत लक्ष्य झालेले उमेदवार होते रिपब्लिकन, पक्षाच्या कडव्या गटापुढे मान न तुकवणारे, लहान गावांतले, शेती-दुकान सांभाळून राजकारण करणारे लोक. पत्रकार जॉन ॲडम्स यांच्या वृत्तपत्राने राजधानी हेलेनातले विधिमंडळ कार्यालय बंद केले. नोकरी गेल्यावरही ॲडम्स हा माग सोडत नाहीत. कोलोरॅडोत अमली पदार्थ बनवणाऱ्यांच्या एका घरात सापडलेली कागदपत्रांची खोकी या प्रकरणात पुरावा म्हणून पुढे येतात. आणि अखेर 2016 मध्ये हेलेनातले ज्युरी, म्हणजे साधी बारा माणसे, आमदार आर्ट विटिच यांनी 2010 च्या निवडणुकीत कंपन्यांकडून बेकायदा मदत घेतल्याचा निर्णय देतात. त्यांना 68,232 डॉलरचा दंड झाला.

या माहितीपटाचे एक मोठे श्रेय मनापासून मान्य केले पाहिजे. निनावी पैशाविरुद्धची लढाई म्हणजे डाव्यांची कुरकुर, हा समज तो मोडून काढतो. नुकसान झालेले लोक पुराणमतवादी आहेत, बंदूक बाळगणारे आहेत, करांना विरोध करणारे आहेत. विचारांची विविधता हीसुद्धा विविधताच असते, आणि या विषयात ती फार कामाची आहे. दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ नाहीत, हे मोंटानातच 2012 मध्ये दिसले होते. सिनेटच्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवाराला फायदा व्हावा म्हणून त्याच्या बाजूच्या एका संघटनेने लिबर्टेरियन या तिसऱ्या, लहान पक्षाच्या उमेदवाराच्या जाहिराती केल्या, म्हणजे रिपब्लिकन मते फुटतील. निनावी पैसा कुठल्याही विचारसरणीच्या घरात मुक्काम करतो.

पण ज्यांच्या खांद्यावरून ही गोष्ट पुढे जाते, ते बहुतेक सगळे गोरे आहेत आणि त्यांत पुरुषच अधिक. पत्रकार, वकील, राज्यपाल, आयुक्त, आमदार. यावर लगेच येणारे उत्तर मला माहीत आहे: मोंटानाची जवळपास नव्वद टक्के लोकसंख्या गोरी आहे, मग दुसरे कोण दिसणार? हे उत्तर मला पटत नाही. मोंटानात मूलनिवासी लोकांची सात राखीव क्षेत्रे आहेत: ब्लॅकफीट, क्रो, फ्लॅटहेड, फोर्ट बेलनॅप, फोर्ट पेक, नॉर्दर्न शायेन आणि रॉकी बॉय. राज्याच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे सहा-सात टक्के आहे, आणि जिथे सिनेटची निवडणूक 2006 मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी ठरली, तिथे हा वाटा सत्ता फिरवू शकतो. राजकारणी शोधायलाही फार लांब जायला नको होते. ब्लॅकफीट समाजात वाढलेल्या डेनिस जूनो 2008 मध्ये राज्याच्या शिक्षणप्रमुख म्हणून निवडून आल्या. संपूर्ण राज्याच्या मतांवर असे कार्यकारी पद मिळवणारी त्या अमेरिकेतली पहिली मूलनिवासी स्त्री. त्या पदामुळे सरकारी जमिनी कुणाला, कशासाठी द्यायच्या हे ठरवणाऱ्या मंडळावरही त्या होत्या. माहितीपट ज्या वर्षांची गोष्ट सांगतो, नेमक्या त्याच वर्षांत.

जमिनीचा उल्लेख मी मुद्दाम केला. मोंटानात पत्रके वाटणारी ती संघटना स्थापन झाली तीच पर्यावरणवाद्यांना आणि त्यांना साथ देणाऱ्या आमदारांना रोखण्यासाठी. खाणी, कोळसा, तेल हा तिचा मूळ विषय. मग खाणीची झळ सर्वांत आधी लागते कुणाला? फोर्ट बेलनॅपच्या सीमेला लागून लिटल रॉकी डोंगरांत झोर्टमन-लँडस्की ही सोन्याची खाण होती. मातीच्या ढिगाऱ्यांवर सायनाइड शिंपडून सोने काढायची पद्धत तिथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. 1998 मध्ये पेगॅसस गोल्ड ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि दूषित पाण्याचा न संपणारा प्रश्न मागे राहिला. तिथल्या आनिन आणि नाकोडा लोकांना ते पाणी वाट्याला आले. त्याच वर्षी मोंटानाच्या मतदारांनी सायनाइडच्या या पद्धतीवर नव्या खाणींसाठी बंदी आणली. आमदार कोण निवडून येतो आणि त्याला निवडून आणायला पैसा कुणी लावला, याची किंमत फोर्ट बेलनॅपच्या ओढ्यांत मोजता येते. माहितीपटात ब्यूट शहरातला बर्कली पिट, तांब्याच्या जुन्या खाणीचा पाण्याने भरलेला खड्डा, दिसतो, त्या विषारी तळ्यात उतरून मेलेले हिमहंस दिसतात. ती दृश्ये विसरता येत नाहीत. पण तशाच पाण्याकाठी राहणारी माणसेही आहेत, आणि हंसांना जे सांगता येत नाही ते त्यांना सांगता येते.

मतदानाचेही तेच. 2012 मध्ये फोर्ट बेलनॅप, क्रो आणि नॉर्दर्न शायेन क्षेत्रांतल्या मूलनिवासी नागरिकांनी खटला भरला. त्यांना आगाऊ मतदानासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी लांबचा प्रवास करावा लागत होता, गोऱ्या शेजाऱ्यांना तो तेवढा पडत नव्हता. 2014 मध्ये तडजोड होऊन राखीव क्षेत्रांत कार्यालये उघडायचे ठरले. एका बाजूला करोडो डॉलर कुणाच्याही नावाशिवाय राज्यात येत होते, आणि दुसऱ्या बाजूला एका नागरिकाला आपले एक मत, नावानिशी, सहीनिशी, टाकण्यासाठी कोर्टात जावे लागत होते. या दोन गोष्टी एकाच राज्यात, एकाच वर्षी घडत होत्या. त्या एकाच माहितीपटात शेजारी-शेजारी आल्या असत्या, तर लोकशाहीत काय बिघडले आहे हे दाखवायला निवेदकाची गरजच पडली नसती.

किम्बर्ली रीड स्वतः ट्रान्स स्त्री आहेत, हेलेनात वाढलेल्या. स्वतःच्या कुटुंबावरच्या आधीच्या माहितीपटात त्यांनी ते धीटपणे मांडले होते. काही समीक्षकांना एवढे पुरेसे वाटते: कॅमेऱ्यामागे एक वेगळा आवाज आहे, झाले. मला यात दोन्ही बाजूंनी अन्याय वाटतो. दिग्दर्शिकेच्या ओळखीवर सगळ्या समाजाचे ओझे टाकणे हा तिच्यावर अन्याय, आणि तिच्यामुळे बाकीच्यांचे प्रतिनिधित्व झाले असे मानणे हा त्यांच्यावर. प्रतिनिधित्व म्हणजे हजेरीपटावरच्या खुणा नव्हेत. एखादा मूलनिवासी वडीलधारा माणूस दोन मिनिटे दाखवून, मागे ढोल वाजवून पुढे जाणे, हे तर न दाखवण्यापेक्षाही वाईट. मला हवे आहे ते असे माणूस, ज्याच्याशिवाय गोष्टीचा तर्क पुरा होत नाही.

तो तर्क मी पुन्हा अलाबामाकडे नेतो. देणगीदारांची नावे उघड केली तर त्यांना त्रास होईल, हे भय खोटे नाही. कॅलिफोर्नियाच्या खटल्यात नागरी हक्कांसाठी आयुष्य वेचलेल्या काही संस्थांनीही त्या सक्तीविरुद्ध बाजू मांडली, कारण याद्या सरकारच्या हाती गेल्या की काय होते हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. या विषयावर गंभीरपणे बोलणाऱ्याला त्यांचे ऐकावेच लागेल. पण ऐकल्यावर विचारावेही लागेल की संघटनेची वर्गणी भरणारी शिक्षिका आणि निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात दहा लाख डॉलर ओतणारा उद्योगपती यांना एकच संरक्षण कसे? पहिलीला आपले मत सांगितल्याबद्दल शिक्षा होते. दुसऱ्याला फक्त टीका सहन करावी लागते, आणि त्या बदल्यात तो कायदा वळवू शकतो. हा फरक कायद्याच्या प्राध्यापकाने सांगितला तर तो मुद्दा असतो. ज्याच्या आईचे नाव तशा यादीत होते त्याने सांगितला तर ती साक्ष असते. पडद्यावर साक्षीचे वजन वेगळेच असते.

आपल्याकडे हीच चर्चा किती अपुऱ्या माणसांत झाली, हे आठवून पाहा. नाव जाहीर न करता पक्षांना देणगी देऊ देणारी निवडणूक रोख्यांची योजना 2017 च्या वित्त विधेयकातून आली आणि 2 जानेवारी 2018 रोजी अधिसूचित झाली. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती एकमताने रद्द ठरवली. सरकारचा बचाव काय होता? देणगीदाराला विरोधी पक्षाकडून सूडाची भीती असते, म्हणून त्याची गोपनीयता जपली पाहिजे. पुन्हा तोच युक्तिवाद, पुन्हा तेच भय, आणि पुन्हा ते वापरले कुणी? विकल्या गेलेल्या रोख्यांच्या किमतीत 94 टक्क्यांहून अधिक वाटा एक कोटी रुपयांच्या रोख्यांचा होता. एक हजाराचा रोखाही योजनेत होता, पण सामान्य माणूस स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत जाऊन आपली सगळी ओळखपत्रे देऊन तो घेईल, असे कुणालाच वाटत नव्हते.

गोपनीयतेची खरी गरज असलेले लहान देणगीदार या देशात नाहीत का? भरपूर आहेत. बहुजन समाज पक्ष वर्षानुवर्षे निवडणूक आयोगाला कळवत आला आहे की 20,000 रुपयांच्या वरची, म्हणजे देणाऱ्याचे नाव कळवावे लागते अशी, एकही देणगी त्याला मिळालेली नाही. पारदर्शकतेसाठी काम करणाऱ्यांना यात संशय येतो, आणि हिशेब विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण एखाद्या गावातल्या दलित वस्तीतला माणूस आपल्या पक्षाच्या सभेत शंभराची नोट देतो, तेव्हा ते गावच्या पाटलाला कळू नये असे त्याला वाटत असेल, तर ती भीती अलाबामाच्या शिक्षिकेच्या भीतीसारखीच आहे. मोठ्या देणगीची नावे लख्ख उजेडात, लहान देणगीला सावली: असा कायदा करायचा तर रेषा कुठे आखायची, हे या माणसाला विचारल्याशिवाय कसे ठरणार? 20,000 ची मर्यादा 2003 सालची आहे. तिच्यावर वाद घालणाऱ्या किती टीव्ही चर्चांत असा माणूस बसलेला होता? वकील होते, निवृत्त सनदी अधिकारी होते, अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी मोठे काम केले, खटला त्यांच्याच चिकाटीने जिंकला गेला. तरीही ती खोली अपुरी होती.

14 मार्च 2024 रोजी आयोगाने रोखे घेणाऱ्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या तेव्हा वर्तमानपत्रांत कंपन्यांची नावे झळकली. सर्वांत वरचे नाव लॉटरी चालवणाऱ्या फ्यूचर गेमिंगचे, सुमारे 1,368 कोटी. ज्यांच्या रोजच्या दहा-वीस रुपयांच्या तिकिटांतून असा धंदा उभा राहतो, ते लोक मात्र बातमीत कुठेच नव्हते. पहिल्या काही नावांत वेदान्त ही खाण कंपनी होती, सुमारे 400 कोटी. गोव्यातल्या वाचकांना हे नाव लोहखनिजामुळे चांगले परिचयाचे आहे. ओडिशातल्या डोंगरिया कोंध आदिवासींना त्याहून अधिक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार त्यांच्या नियमगिरी डोंगरावर वेदान्तसाठी व्हायच्या असलेल्या बॉक्साइट खाणीविषयी बारा ग्रामसभा झाल्या. जिल्हा न्यायाधीश समोर बसलेले, पोलिसांचा बंदोबस्त, आणि एकेक स्त्री-पुरुष उठून, आपल्या गावात, सगळ्यांदेखत बोलत होता. बाराही सभांनी नकार दिला. वेदान्तने रोखे घेतले ते पुढच्या काळात, आणि त्यांचा नियमगिरीशी संबंध आहे असा माझा दावा नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच: याच प्रजासत्ताकात सर्वांत दुबळ्या नागरिकाला आपले म्हणणे उघड्यावर, नावानिशी मांडावे लागले, आणि सर्वांत बलाढ्य कंपन्यांना आपला पैसा कुठल्या पक्षाकडे गेला हे सहा वर्षे मतदारापासून लपवता आले.

ऑगस्ट 2024 मध्ये रोख्यांमागच्या कथित देवाणघेवाणीची विशेष पथकाकडून चौकशी करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे देणगी आणि निर्णय यांची सांगड घालण्याचे काम आता पत्रकारांवर आणि माहितीपट बनवणाऱ्यांवर येऊन पडले आहे. मराठीत असे काम करणारी तरुण मंडळी आहेत, त्यांच्याकडे कॅमेरा आहे, याद्या सगळ्यांसाठी खुल्या आहेत. त्यांनी सुरुवात दिल्लीतल्या वकिलांच्या मुलाखतींपासून करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कंपनीचे नाव घ्यावे, तिची खाण, तिचा रस्ता, तिचे धरण कुठे आहे ते नकाशावर शोधावे, आणि पहिली मुलाखत तिथे राहणाऱ्या बाईची घ्यावी. तिला विचारावे की तिच्या आमदाराकडे ती शेवटची कधी गेली होती, आणि तिचे ऐकून घ्यायला त्याला किती वेळ होता. वकिलाकडे त्यानंतर जावे, तिचे प्रश्न घेऊन.